शेजारी बसणारं माणूस

१२ मे २००३, जुन्नर

कॉन्व्हेंटमध्ये डायरी इंग्रजीत लिहावी लागायची आणि दर शनिवारी सिस्टर ती वाचायच्या. त्यामुळे डायरीत आम्ही सगळ्या मुली फार सज्जन असायचो. ही मराठीत लिहिते आहे आणि ही कुणी वाचायची नाही, तेव्हा आज सज्जनपणा राहू दे.

मला राग आला आहे. कुणाकुणाचा ते एकेक करून लिहिते.

पहिला माझ्या मुलाचा. प्रितम छत्तीस वर्षांचा आहे, एका मुलीचा बाप आहे. गेल्या आठवड्यात डिंगोऱ्याच्या संपतच्या मुलीचा बस्ता पोचवायला जीप घेऊन निघाला. लग्नाचं सगळं कापड त्या गाठोड्यात होतं: नवरीचे शालू आणि मानपानाच्या साड्या, प्रत्येकीला चिठ्ठी टाचलेली, कुठली मावशीची, कुठली आत्याची. वाटेत एक म्हातारी एसटी चुकली म्हणून रडताना दिसली. तिला जायचं होतं आळ्याला. डिंगोरे एका टोकाला, आळे दुसऱ्या. हा तिला घेऊन आळ्याला गेला. तिथे तिची पोती उतरवली, पोत्यांबरोबर बस्ताही उतरवला, चहा घेतला आणि रिकामी जीप घेऊन हसत घरी आला. "पोचवलं का?" "पोचवलं." त्याला खरंच तसं वाटत होतं.

काल ते लग्न लागलं. आज नवरीची आई साळुबाई आमच्या कापड दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं बोलली. "बाया डिंगोऱ्यात अन् त्यांच्या साड्या आळ्यात! माझ्या नणंदा मांडवात फुगून बसल्या, जेवल्या न्हाईत. आता जलमभर ऐकवतील मला. तुमच्या दुकानात माणसं हायेत का वारं?"

दुसरा राग भाईसाहेबांचा. भाईसाहेब म्हणजे माझे थोरले दीर हस्तीमलजी. आमच्याकडे जेठ धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलत नाहीत. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. मध्ये कुणीतरी लागतं. सध्या ते काम माझी नात रिद्धी करते. ती नऊ वर्षांची आहे आणि निरोपात स्वतःची भर घालते.

"रिद्धी, आजीला सांग, तिच्या मुलाचं दुकानात लक्ष नसतं." मी तिथेच दुकानात, दोन हातांवर.

"आजी, पप्पांचं लक्ष नसतं. तुला माहितीच आहे."

"आजीला सांग, पर्युषणाचे आठ दिवस त्याने रोज स्थानकात एक सामायिक करून दाखवावं. जो आसनावर बसू शकत नाही, तो गादीवर काय बसणार? आठही दिवस बसला तर दुकान त्याचंही. उठला तर दिवाळीपासून त्याने आपलं आपण बघावं."

सामायिक म्हणजे स्थानकात, आम्हा जैनांच्या प्रार्थनेच्या जागी, पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ एका आसनावर, तोंडाला मुहपत्तीचं फडकं बांधून, न बोलता, न उठता. समोर वाळूचं घड्याळ. प्रितमला पाच मिनिटं कुठे बसवलं तर त्याचा गुडघा हलायला लागतो. आणि हे ठरवताना तो तिथेच उभा होता, वर पंख्याकडे बघत. शेवटी म्हणाला, "काका, याचं बेअरिंग गेलंय."

त्याच्या बापाचं अर्धं दुकान. बाप जाऊन सहा वर्षं झाली म्हणून त्याची परीक्षा घेणार? चटईवर बसवून?

तिसरा राग लिहायचा होता, पण दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून उठले. परत आले तर तो कुणाचा होता ते आठवेना.

१५ मे

दाताच्या दवाखान्यात एक जुनं इंग्रजी मासिक होतं. त्यात लेख: लक्ष न टिकण्याचा विकार मुलांतच असतो असं नाही, मोठ्यांतही असतो. पान फाडून आणलं. सिस्टर फिलोमिनांनी पाहिलं असतं तर!

घरी आल्यावर चष्मा सापडेना, म्हणून सुनेकडून, रीनाकडून वाचून घेतलं. वस्तू ठेवून विसरणारी, कामं सुरू करून अर्धी सोडणारी, बोलता बोलता भलतीकडेच जाणारी माणसं. बसायला सांगितलं की उठायचं निमित्त शोधणारी. बुद्धी चांगली, पण लोक त्यांना आळशी म्हणतात. ओळ न् ओळ प्रितम. मी रीनाला म्हटलं, हा लेख त्याला पाहून लिहिलाय.

रीना वाचताना मध्ये मध्ये थांबून माझ्याकडे बघत होती. नवऱ्याविषयी असं वाचून घाबरली असेल बिचारी.

चष्मा फ्रिजमध्ये निघाला. दह्याच्या भांड्याशेजारी.

२ जून

आमच्या डॉक्टरांकडे गेले. पान दाखवलं. ते हसले. "अहो विमलबाई, हा पोरांचा रोग. उद्या छत्तिसाव्या वर्षी पोलिओचा डोस मागाल. लग्न करून द्या त्याचं, जबाबदारी आली की लक्ष येतं." म्हटलं, बारा वर्षं झाली लग्नाला. मग म्हणाले, "हां. मग व्यायाम."

लेखाखाली मुंबईचा एक फोन नंबर होता. एसटीडी बूथवरून लावला. एक गोड आवाजाची मुलगी होती.

"मुलाचं वय काय मॅडम?"

"छत्तीस."

"महिने?"

"वर्षं!"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग म्हणाली, आमच्याकडे चौदापर्यंतच आहे मॅडम. मी विचारलं, पंधराव्या वाढदिवसाला ही मुलं बरी होतात का? तिला माहीत नव्हतं. तिच्यावर मी ओरडायला नको होतं. पण ओरडले, आणि बूथमधले लोक बघत होते.

भाईसाहेबांचा बंटी चांगला मुलगा आहे. तो मला नारायणगावला सायबर कॅफेत घेऊन गेला आणि त्या यंत्रावर शोधून दिलं. अमेरिकेत म्हणे गावोगावी अशा मोठ्या माणसांचे गट आहेत. दर मंगळवारी संध्याकाळी जमतात, एकमेकांना सांगतात, कॉफी फुकट. आमच्याकडे फुकट काय मिळतं? सल्ला. "मन लावून काम कर." अरे, ते लागत नाही म्हणून तर आलो ना दारात!

१९ जून, पुण्याहून परत

अखेर एक माणूस भेटलं. पुण्याची डॉक्टर, माझ्या मुलीच्या वयाची. तासभर प्रितमचं ऐकून घेतलं. म्हणाली, "लहानपणी कुणी ओळखलं नाही, म्हणून ते नव्हतं असं होत नाही."

प्रितम रडला. "मला इतकी वर्षं वाटलं मी नालायक आहे," म्हणाला. मी त्याची आई, आणि मला हे वाक्य आज परक्या बाईच्या खोलीत ऐकायला मिळालं.

तिने गोळी लिहून दिली. पण म्हणाली, नुसत्या गोळीने भागणार नाही, ठरलेला दिनक्रम पाहिजे, चालतं-फिरतं काम पाहिजे, सोबतीला माणूस पाहिजे. मग विचारलं, घरात आणखी कुणी असं आहे का? हे बऱ्याचदा घरातून येतं. मी सांगितलं, छे. याचे वडील तर खांबासारखे स्थिर होते.

मग ती माझ्याच शाळेच्या गोष्टी विचारत बसली. मी रंगात आले. सांगितलं की वर्गात मी फार चुळबुळायची, तर सिस्टर फिलोमिनांनी मला शाळेची घंटा दिली होती. दर तासाला मी वर्गातून पळत व्हरांड्यात जायची, सिल्व्हर ओकच्या झाडांखालून, आणि पितळी घंटा हलवायची. अख्खी शाळा माझ्या हातावर उठायची-बसायची. सात वर्षं दुसऱ्या कुणाला ती घंटा दिली नाही, इतकी मी त्यांची लाडकी. डॉक्टर फार मन लावून ऐकत होती, काही लिहूनही घेतलं. हल्लीच्या मुलींना कॉन्व्हेंटचं कौतुक असतं.

निघाल्यावर प्रितमला दोनदा जिना चढावा लागला. एकदा माझ्या पर्ससाठी, एकदा छत्रीसाठी.

औषधाच्या दुकानात मात्र त्याची शोभा झाली. दुकानदार कागद उलटसुलट बघतो, प्रितमकडे बघतो, गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने विचारतो, "ही कोणासाठी? नशा-बिशा करत नाही ना?" मी पदर खोचून पुढे झाले आणि सिस्टरांच्या इंग्रजीत त्याला असं काही सुनावलं की त्याने गोळ्या गुंडाळून दिल्या. मराठीत इतकं थंडपणे सुनावता येत नाही.

६ जुलै

पुण्यात पालकांचा गट आहे असं कळलं म्हणून दोघं गेलो. एका शाळेत होता. एवढ्या एवढ्या खुर्च्या. प्रितम गुडघे छातीशी घेऊन बसला. बायका फार भल्या होत्या, पण सगळं मुलांचं: गृहपाठ कसा घ्यावा, शिक्षिकेला कसं सांगावं. मी विचारलं, मोठ्यांसाठी काय? गट चालवणारी म्हणाली, "मोठेपणी बहुतेक आपोआप कमी होतं, काकू." आणि "आपोआप कमी झालेला" माझा मुलगा त्या खुर्चीत अडकला होता. दोघींनी ओढून काढला.

या मुली आज आपल्या लेकरांसाठी धडपडताहेत. ही लेकरं मोठी होणार नाहीत का? तेव्हा त्यांनी कुठे जायचं?

जुन्नरला मीच गट काढणार. ठरलं.

२० जुलै

आज आमची पहिली सभा. दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, एसटी स्टँडवरही एक कागद लावला होता: "ज्यांचं कामात लक्ष टिकत नाही अशा मोठ्या माणसांसाठी. रविवारी चार वाजता, धर्मशाळेची माडी. मुलांना आणू नये." शेवटची ओळ रागाने घातली.

टेबलावर घालायला चांगला कपडा हवा म्हणून दुपारी दोन वाजता माझी पेटी उघडली. कपड्याखाली शाळेचा पट्टा निघाला. त्याखाली आम्हा मुलींचा फोटो, सगळ्या ओळीत आणि मी एकटी हललेली. मग ह्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा आणलेली साडी. घरात आले तेव्हा मी चाव्या इतक्यांदा हरवायची की हे रोज सकाळी दुकानात जायच्या आधी स्वतःच्या हाताने माझ्या पदराला जुडगा बांधायचे. सासूबाईंच्या देखत! त्या काळात किती नवरे असं प्रेम करत होते?

जिन्यावर पावलं वाजली. प्रितम आणि त्याच्यामागे डिंगोऱ्याचा संपत. खिडकीबाहेर पाहिलं तर उन्हं उतरली होती.

"मावशी," संपत म्हणाला, "तुमची सभा लई झ्याक झाली."

"झाली?"

"व्हय की. चार जण व्हतो. तुमी न्हवता, तरीबी झाली."

मी प्रितमवर रागावले, बोलवायला कुणी आलं का नाही? तो म्हणाला, "मम्मी, आम्हाला वाटलं तू येशीलच." हे काय उत्तर झालं? पेटीचं काम निघालं नसतं तर मी तीन वाजताच गेले असते.

संपत मात्र गोड माणूस. साळुबाईने एवढं भांडूनही हा आला. "मोटर चालू करतो अन् बांधावर टेकतो," सांगत होता. "मग एखादं पाखरू दिसतं. पाखरामागं मन जातं. मागं वळून बघावं तर कांदा पवतोय. बायको म्हणती, तुमी कांद्यापेक्षा पाखराचं पीक घ्या. आमचा बस्ता आळ्याला गेला म्हणल्यावर सगळी चिडली, पण मला कळलं, ह्यो गडी आपल्यातला हाय!"

दोघं माझ्या पेटीशेजारी उभे राहून हसत होते. प्रितमला असं कुणाबरोबर हसताना मी कधी पाहिलं होतं?

३ ऑगस्ट

संपतचा फवारणीचा पंप वर्षभर सुटा पडला होता. प्रितम त्याच्याकडे गेला आणि बांधावर त्याच्या शेजारी बसला. संपतने एका दुपारात पंप जोडला. मग काल संपत दुकानात येऊन स्टुलावर बसला, तर प्रितमने कपाटातल्या सगळ्या साड्या लावून टाकल्या, ज्या तो दिवाळीपासून लावणार होता.

"तू त्याला काय मदत केलीस?" मी विचारलं.

"काहीच नाही मम्मी. नुसता शेजारी बसलो. कुणी शेजारी असलं की मन पळत नाही."

एवढंच? याला ना औषध लागतं, ना डिग्री. माणसाशेजारी माणूस बसायला कुणाची ना आहे? तरी कुणी बसत नाही. बसतात ते समोर, परीक्षा घ्यायला!

मला ह्यांची आठवण आली. माहेरी पत्र लिहायचं म्हटलं की मला एकटीला होत नसे, मग हे अडकित्ता घेऊन शेजारी येऊन बसायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. सुपारी कातरल्याचा आवाज यायचा आणि पत्र पूर्ण व्हायचं. त्यांना माझं अक्षर बघायला आवडायचं.

पर्युषणात मी प्रितमची सोबत करणार. तो पुरुषांच्या बाजूला बसेल, मी बायकांच्या, मध्ये फक्त वाट. त्याने मान वळवली की मी दिसले पाहिजे.

२५ ऑगस्ट

पर्युषणाचा पहिला दिवस. दरवर्षी स्थानकात उपासकऱ्यांसाठी पाणी उकळायचं, गार करायचं, द्यायचं काम माझ्याकडे असतं. या वर्षी ते रीनाला दिलं. इतक्या वर्षांचा मान सोडताना वाईट वाटलं.

प्रितम बसला! गुडघा हलत होता, पण बसला. येताना तो बंदाऱ्यापर्यंत चालून आला होता, संपतबरोबर. पाय आधी दमवायचे, ही संपतची युक्ती.

मला मात्र मध्येच उठावं लागलं. कुणाचं तरी लहान मूल रडत होतं. त्याची आई होती तिथे, पण तरी.

२९ ऑगस्ट

पाचवा दिवस. बसला. काल, परवा, तेरवाही बसला. मंडळी वळून वळून बघतात. अर्ध्या लोकांना सामायिकापेक्षा प्रितमच्या गुडघ्यातच रस आहे.

माझी सोबत मनासारखी होत नाही, कारण रोज काहीतरी येतं. परवा दारात चपलांचा ढीग झाला होता, काल पाऊस आला आणि स्थानकाच्या खिडक्या उघड्या. आज कशाला उठले ते आता आठवत नाही, पण काम होतं.

घरी भाईसाहेबांचा नवा शोध. "रिद्धी, आजीला सांग, गोळी खाऊन बसणं म्हणजे बसणं नव्हे."

"भाईसाहेबांना विचार, चष्मा लावून वाचणं म्हणजे वाचणं नव्हे का?"

"आजोबा, आजी म्हणते तुमचा चष्मा काढा."

पण ते प्रितमला लागलं. संवत्सरीला, शेवटच्या दिवशी, तो कडक उपास करणार आहे. गोळीसुद्धा नाही. मी रागावले, रीना रागावली. तो म्हणाला, "एक दिवस, मम्मी. कुणाला बोलायला जागा नको."

एक दिवस चष्मा काढून दुकान चालवा म्हणावं त्यांना.

१ सप्टेंबर, संवत्सरी

लिहायला बसवत नाही. तरी लिहिते.

स्थानक भरलेलं. प्रितम खांबाला न टेकता बसला होता. गोळी नाही, पोटात पाण्याचा थेंब नाही. सुरुवातीला त्याचा चेहरा पाहवत नव्हता. दोन्ही हातांनी गुडघा धरून ठेवला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग हळूहळू तो शांत झाला. वाळू निम्म्याच्या वर खाली आली. मी मनात म्हटलं, बसला माझा मुलगा.

आणि मला आठवलं: पाणी! उपासकऱ्यांसाठी आज केवढं मोठं पातेलं, मागच्या चुलीवर, आणि मी इथे! मी उठले. आसन तसंच टाकून, बायकांच्या पायांवरून, मधल्या वाटेने चालत निघाले. वाटेत कुणीतरी पदर ओढला तो सोडवून घेतला. मागच्या दाराशी गेले तर रीना उभी. पाणी कधीच उकळून, गाळून, झाकून ठेवलेलं.

"मम्मी," ती इतकंच म्हणाली, आणि माझ्यामागे बघत राहिली.

मागे प्रितम उभा होता. मला बरं वाटेनासं झालं असं वाटून तो मागोमाग उठून आला होता. मुहपत्ती तशीच तोंडाला. आत वाळू पडतच होती.

भाईसाहेब आसनावरूनच बघत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

तो माझ्यासाठी उठला! हे उठणं धरायचं? आईमागे गेलेला मुलगा दुकानाला नालायक? कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

२ सप्टेंबर

संवत्सरीनंतर आपण सगळ्यांची क्षमा मागतो, सगळ्यांना क्षमा करतो. 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत घरोघर जातो. सकाळी भाईसाहेब हात जोडून आमच्या खोलीच्या दारात आले. गुलाबभाभी, माझ्या मोठ्या जाऊबाई, मागे. रीना आणि प्रितम आतच होते.

"रिद्धी, आजीला सांग, वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा."

"रिद्धी, भाईसाहेबांना सांग, या वर्षी नाही."

रिद्धीने दोघांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच निरोप पोचवला नाही. पळून गेली.

आणि भाईसाहेब माझ्याशी बोलले. सरळ. मला क्षणभर कळेना की कोण बोलतंय, त्यांचा आवाज माझ्याकडे तोंड करून मी कधी ऐकलाच नव्हता.

"विमलबाई, सुवालाल तुम्हाला जन्मभर सांभाळून गेला. कुणाला कळू दिलं नाही. स्थानकात तुम्हाला पाण्याचं काम त्याने माझ्याकडून मागून घेतलं. म्हणाला, दादा, तिला बसणं होत नाही, तिला उभं राहायचं काम द्या, आणि तिला सांगू नका. दिलं मी. इतकी वर्षं तुम्ही एक सामायिक पुरं केलेलं नाही, मी कधी तोंड उघडलं? आता मुलालाही मीच सांभाळायचं?"

मी गादीवर बसले. मग उठले. काय वाटलं ते लिहिता येत नाही, पण जे बोलले ते येतं.

"भाईसाहेब, भावाच्या एका शब्दावर तुम्ही मला उभं राहायचं काम दिलंत. मग त्याच्या मुलाला आसनावर का बांधलंत?"

भाईसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

रीनाच बोलली, डोक्यावरचा पदर सावरून. "काकाजी, गादीवर मी बसते. मला बसता येतं. हे टेम्पोत माल घेऊन आठवडी बाजार करतील, ओतूर, घोडेगाव, श्रावणात भीमाशंकर. दुकान तेच राहील."

"बाई? गादीवर?"

"बसू दे," गुलाबभाभी मागून म्हणाल्या. "गिऱ्हाइकाशी तुमच्यापेक्षा गोड बोलेल."

भाईसाहेबांनी प्रितमकडे पाहिलं. "दिवाळीपर्यंत," म्हणाले. जाताना दाराशी थांबून पंख्याकडे बघून म्हणाले, "दुकानातला पंखा बंद पडलाय. बेअरिंग गेलंय म्हणतात."

"मी मे महिन्यातच सांगितलं होतं, काका," प्रितम म्हणाला.

क्षमा मी अजून म्हटलेली नाही. दिवाळीला बघू.

१४ सप्टेंबर

आज प्रितमबरोबर टेम्पोतून बाजाराला गेले. तो एका जागी थांबत नाही. हिला साडी दाखव, तिच्या सुनेला परकर, पलीकडच्या म्हातारीचं पोतं उचलून दे, परत ये. "पावणं, तुमी जरा दम घ्या की," एक बाई म्हणाली, "तुमच्याकडं बघून आमालाच धाप लागती." दोन आत्यांच्या साड्यांची अदलाबदल केलीच त्याने, पण संपत शेजारी होता, त्याने पकडली. साळुबाईही आली होती. नणंदांसाठी दोन साड्या घेऊन गेली, आणि दोन्ही स्वतःच्या काखेत घेतल्या, प्रितमला हात लावू दिला नाही.

मी टेम्पोच्या फळीवर बसून बघत होते. त्याला धावताना बघून सिल्व्हर ओकची झाडं आठवली. सिस्टर फिलोमिना गेल्यालाही आता किती वर्षं झाली. मी लाडकी होते, हे मला अजूनही खरं वाटतं. पण घंटा त्यांनी मला का दिली होती ते आज कळलं. आणि स्वयंपाकघरावरून जाताना हे रोज एकदा आत का डोकावायचे, तेही. मी समजायची, चहाचा वास येतो म्हणून. ते गॅस बघत होते.

पुढच्या महिन्यात पुण्याला जायचं आहे. डॉक्टरकडे रीनाने दोन नावं लावली आहेत. दुसरं कुणाचं ते मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

आता तिसरा राग. मे महिन्यात कुणाचा होता ते आजही आठवत नाही, पण आज जो आहे तो लिहून ठेवते, दूध उतू जायच्या आत. मला एक नाही, दोन माणसं मिळाली. दोघांनी काही न बोलता, मला जराही न दुखवता माझं सगळं आयुष्य उभं धरलं. हे इतकं सोपं होतं! एक घंटा, एक पातेलं पाणी, एक सुपारी कातरणारा माणूस. आणि माझ्या मुलाला शाळेने काय दिलं? अंगठे धरून उभं केलं. डॉक्टरने काय दिलं? हसू. समाजाने दिलं आसन आणि वाळूचं घड्याळ. या तालुक्यात असे किती प्रितम आहेत, किती संपत, किती विमल, जे रोज रात्री स्वतःला नालायक म्हणत झोपतात? त्यांच्या शेजारी बसायला कुणाच्या बापाचं काय जातं?

रविवारी चार वाजता सभा आहे. रिद्धीला सांगितलंय, तीन वाजता माझा हात धरून ने.

रीना शेजारी बसून शेंगा सोलते आहे. काही बोलत नाही. टोपलीत दाणे पडल्याचा आवाज येतो आहे. पान संपलं, आणि मी मध्ये एकदाही उठले नाही.